ठोकळी हवी की नको

मास्तरांना आयुष्यभर लोकांनी प्रश्न विचारले, पण ते सगळे त्यांच्या हातातले होते. क्लच आधी सोडायचा की ॲक्सिलरेटर आधी दाबायचा, चढावर गाडी मागं सरकायला लागली तर काय करायचं, उलटी घेताना मान वळवायची की आरशात बघायचं. असल्या प्रश्नांची उत्तरं ते झोपेतसुद्धा देत. देतात, असं त्यांची बायको शपथेवर सांगायची. पण त्या आठवड्यात तिनंच त्यांना असा एक प्रश्न विचारला की मास्तरांची गाडी जागच्या जागी बंद पडली.

"रविवारी ते लोक ठोकळी घेऊन येणार आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला ती हवी आहे का? हवी असेल तर अंगणातल्या सगळ्या कुंड्या मी माझ्या हातानं हलवीन आणि चकार शब्द काढणार नाही. नको असेल तर एक कुंडी जागची हलणार नाही. पण काय ते एकदा नक्की सांगा."

"बघू," मास्तर म्हणाले.

"बघू नाही. हो किंवा नाही."

मास्तर चपला शोधायला लागले.

खरं तर ही बातमी त्यांना कळायचीच नव्हती. गाडी शिकवण्याच्या शाळेतून मास्तर निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्या गाडीवर त्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं ती ठोकळी तेव्हाच एका अंडीवाल्यानं नेली होती. पुढं तीही थकली आणि त्याच्या शेडमागं पडून राहिली. मास्तरांची एक जुनी विद्यार्थिनी होती, दातांची डॉक्टरीण. तिला ठोकळी तिथं दिसली आणि तिच्या मनात आलं, ही आपण दुरुस्त करून मास्तरांना भेट द्यायची. तिनं बाकीच्या विद्यार्थ्यांना गाठलं, सगळे हो म्हणाले, गाडी गॅरेजात गेली. सगळं गुपचूप चाललं होतं. पण गॅरेजवाला मेकॅनिक टेप घेऊन मास्तरांच्या फाटकाची रुंदी मोजायला आला आणि मास्तरांच्या बायकोनं त्याला चहाला बसवलं. तिनं चहाला बसवलेला माणूस पोटात काही ठेवून परत गेल्याचं अजून कोणाला आठवत नाही.

अंगण म्हणजे तरी केवढं? फाटकापासून पायरीपर्यंतची एका गाडीपुरती फरशी. ठोकळी गेल्यावर मास्तरांच्या बायकोनं गुडघ्यांवर बसून तिथले ऑइलचे डाग घासून काढले होते. मग एका बाजूला गुलाब आले, दुसऱ्या बाजूला लिंबू, कोरफड, पुदिना. मध्ये वेताच्या खुर्च्या आल्या. दुपारी कामं आवरली की शेजारच्या दोघी तिघी तिथं येऊन बसत, मटार सोलत, आणि ज्या बाया त्या दिवशी आल्या नसतील त्यांचीही सालं काढत. लग्न झाल्यापासून या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी ती पहिली जागा होती. हे ती कधी बोलली नव्हती, पण मास्तर काही आंधळे नव्हते.

आता गावात कोणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं. मास्तरांना ठोकळी हवी का? अहो, हे काय विचारणं झालं? मास्तरांचा जीव होता तिच्यावर!

असं लोकांना का वाटायचं, तेही सांगायला हवं.

ठोकळी नावाप्रमाणेच होती. पुढून, मागून, बाजूनं चौकोनी. रंग धड निळा नाही, धड राखाडी नाही. क्लच एवढा जड की पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्यांच्या पोटऱ्या धरत. तिसरा गिअर पडताना ती अशी कुरकुरायची की जणू कोणी तिला पहाटे उठवलंय. शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार आतून उघडत नसे. मास्तर काच खाली करून, हात बाहेर घालून बाहेरची कडी ओढत आणि मग रुबाबात उतरत. शाळेच्या आधीच्या मालकानं ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली होती. पुढं मास्तरांनी शाळा चालवायला घेतली तेव्हा, भाड्याच्या घरात पाल यावी तशी ठोकळी त्यात आलीच.

सुरुवातीला मास्तर रागीट होते. एकदा ते एका शिंप्यावर असे ओरडले की त्यानं भर रस्त्यात दार उघडलं, खाली उतरला आणि शांतपणे घरी चालत गेला. गाडी चालूच होती. त्या दिवशी मास्तरांना कळलं की माणसाला रागावलं की तो खिळतो, आणि खिळलेला माणूस चाकामागं बसला की संपलंच. गाडीला नावं ठेवावीत, तर तो गाडीलाच घाबरतो. मग उरलं काय? तर गाडीचं कौतुक. तेव्हापासून नवीन माणूस आला की मास्तर ठोकळीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "अजिबात घाबरू नका. ही गाडी गुणी आहे. तुमचं चुकलं तरी ती सांभाळून घेते."

आणि खरोखर सांभाळून घेतलं जायचं. समोर मांजर आडवं आलं, शिकणाऱ्यानं हात पाय सोडले, की गाडी अलगद थांबायची. उतारावर वेग वाढला की आपसूक कमी व्हायचा. कारण शिकवण्याच्या गाडीला असतात तशी ठोकळीत शेजारच्या सीटपुढंही क्लच आणि ब्रेकची दोन जादा पेडलं होती, आणि त्यांवर मास्तरांचे दोन पाय तरंगत असायचे. घाम न फुटू देता, चेहऱ्यावर सुरकुती न आणता, खाली पायांनी सगळा संसार चालायचा. मास्तर वरून बोलत, "बघितलंत? सांभाळून घेतलं गाडीनं."

धडा संपला की शिकणारा उतरायचा, ठोकळीच्या टपावर थोपटायचा, म्हणायचा, "काय गाडी आहे!" आणि मास्तरांना म्हणायचा, "येतो."

संध्याकाळी मास्तर घरी येऊन पाय पसरून बसत आणि त्यांची बायको त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळे. मास्तर डोळे मिटून बडबडत, "ही गाडी एक दिवस माझा जीव घेणार आहे बघ. गाडी कशी असावी? लांबडीसारखी."

लांबडी हे मास्तरांचं तरुणपणचं प्रकरण. लग्नाआधी ते एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर होते. त्याच्याकडं ती जहाजासारखी लांबडी होती. बॉनेटच एवढं मोठं की त्यावर चारजणांची पंगत बसली असती. गिअरची दांडी स्टिअरिंगला, पुढची सीट अख्खी, सोफ्यासारखी. एक बोट लावलं की वळायची. मालक मागं बसून कपबशीत चहा प्यायचा आणि बशीत थेंब सांडत नसे. ते मास्तरांचं प्रमाणपत्र! पुढं मालकाच्या मुलानं लांबडी विकून स्वतः चालवायची छोटी गाडी घेतली आणि मास्तरांचं काम गेलं. पण तिची आठवण काढली की अजूनही त्यांचा हात हवेतच गिअर टाकायचा.

मग उत्तर सरळ होतं. ठोकळी नको. ज्या गाडीनं गुडघा खाल्ला, वर श्रेयही खाल्लं, ती आपल्या दारात कशाला? बायकोचं अंगण तरी वाचेल. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ठामपणे म्हणाले, "नको."

"बरं," बायको म्हणाली. आणि थोडं थांबून म्हणाली, "मग विकली त्या दिवशी जेवला का नव्हतात?"

"पोट बिघडलं होतं."

"तेही असेल."

"असेल काय? होतंच!"

"मी कुठं नाही म्हणते? अंडीवाला गाडी घेऊन गेला तेव्हा तुम्ही काडेपेटी आणायला बाहेर पडलात. अंधार पडल्यावर आलात. काडेपेटी आणलीच नाहीत."

मास्तरांनी कप उचलला. तो रिकामा होता तरी एक घोट घेतला. "मग त्यावरून काय झालं?"

"काही नाही. तुमचं 'नको' धरू का एवढंच विचारते."

"आत्ता नको धरू," मास्तर म्हणाले.

असं म्हटल्यावर मात्र ते स्वतःच गोंधळले. त्यांनी परगावी राहणाऱ्या मुलाला फोन लावला. मुलगा लहानपणापासून स्पष्ट बोलायचा. बाहेरच्या माणसाला बरोबर दिसतं, असं त्यांना वाटलं.

"आवडायची? बाबा, अहो तुम्ही तिच्या चाकाला लाथा मारायचात!"

"हवा बघायचो रे."

"शिव्या देऊन हवा बघायचात?"

"म्हणजे मला ती आवडायची नाही. बरोबर?" मास्तरांना जरा हायसं वाटलं.

"हां, पण थांबा," मुलगा म्हणाला. "मी एकदा तिला धुवायला घेतली होती तर तुम्ही माझ्या हातातून फडकं ओढून घेतलंत. म्हणालात, तुला नाही जमायचं, ओरखडे पडतील. ज्या गाडीला खांबांनी, भिंतींनी, कचराकुंडीनं ओरखडे पाडले होते, तिला माझ्या फडक्यानं ओरखडे पडणार होते म्हणे! मी दोन दिवस बोललो नव्हतो तुमच्याशी."

"मग आवडायची म्हणतोस?"

"मला काय विचारता? आईला विचारा."

"तीच मला विचारतेय!" मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी त्यांनी ठरवलं की प्रत्यक्ष गाडीच बघून यावी. माणूस समोर आला की राग आहे की लोभ हे लगेच कळतं, तसं गाडीचंही असणार. बायकोला "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून ते निघाले आणि गॅरेजात पोचले.

गॅरेजात मेकॅनिक आणि नंबरप्लेट रंगवणारा पेंटर यांचं जुंपलं होतं. विषय नेहमीचाच, जुन्या गाड्यांत राणी कोण.

"गोलटी!" मेकॅनिक ओरडत होता. "गोल दिवे, गोल पाठ. बाया तिच्याकडं वळून बघायच्या. गाडीकडं हं, माझ्याकडं नाही."

"ते सांगायला नको," पेंटर म्हणाला. "पण गोलटीचं इंजिन मागं आणि सामान पुढं. माझ्या मामाकडं होती. मामा पेट्रोल पंपावर बॉनेट उघडायचा आणि पंपवाले म्हणायचे, साहेब, इंजिन चोरीला गेलं!"

"अरे पण बंद कधी पडली?"

"पडायची ना. मामीच्या माहेरी जाताना हमखास. घरी परततानाही पडली असती तर मी गाडीचा दोष म्हटलं असतं."

तेवढ्यात मेकॅनिकला मास्तर दिसले आणि त्याचा चेहराच पडला. "मास्तर! तुम्ही इथं कसे? डॉक्टरीणबाई माझे दात काढतील, तेसुद्धा भूल न देता!"

"मला सगळं कळलंय," मास्तर म्हणाले. "कुठं आहे?"

मेकॅनिकनं नाइलाजानं मागच्या बाजूचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं.

मास्तर बघतच राहिले. खाली निळी गाडी होती. धड निळी! दिव्यांभोवतीच्या कड्या चकचकत होत्या. पोचे गेले होते. सुंदर होती ती. वधूपरीक्षेला जाऊन भलत्याच घरात शिरावं तसं मास्तरांना वाटलं. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मग दार उघडून आत बसले.

"मास्तर," मेकॅनिक हसायला लागला, "स्टिअरिंग पलीकडं आहे!"

मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. पाय पुढं गेले आणि पेडलं शोधू लागले. खाली नवा मऊ गालिचा होता. पाय गालिच्यावर इकडून तिकडं फिरले, आणखी पुढं गेले, मागं आले. काही नव्हतं.

"पेडलं कुठं गेली?"

"ती काढून टाकली," मेकॅनिक अभिमानानं म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारखान्यातून निघाली तशी झाली पाहिजे. ती जादा पेडलं शाळेनं नंतर बसवलेली. किती विद्रूप दिसायची! क्लचही बदलला. आता लोण्यासारखा आहे. आणि हे बघा," त्यानं हात घालून आतली कडी ओढली. दार चुपचाप उघडलं. "आतून उघडतं!"

ज्या ज्या गोष्टीला मास्तरांनी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या ती प्रत्येक गोष्ट मेकॅनिकनं नीट केली होती. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. ते आनंदाची वाट बघत बसून राहिले.

"एक चक्कर मारा की," पेंटर म्हणाला. "चालवा, मग कळेल."

"नको. तू चालव, मी बसतो."

"मास्तर, तुमची गाडी आणि तुम्ही चालवणार नाही?"

यावर मास्तरांनी जरा विचार केला आणि त्यांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. त्यांनी ठोकळी फारशी कधी चालवलीच नव्हती. सकाळी घरापासून पहिल्या विद्यार्थ्याच्या दारापर्यंत, आणि रात्री शेवटच्याच्या दारापासून घरापर्यंत. तेवढंच. बाकी सगळा जन्म शेजारच्या सीटवर. लांबडी त्यांना हातांनी माहीत होती. ठोकळी फक्त तळपायांनी. आणि शेजारच्या सीटवरून एखादी गाडी किती कळणार? नवराबायकोच्या भांडणातलं शेजाऱ्याला कळतं तेवढीच. मग इतकी वर्षं आपण जिला नावं ठेवली, ती गाडी की ते शिकणारे? आणि विकल्यावर जेवण गेलं नाही ते कोणासाठी?

ते गॅरेजातून निघाले तेव्हा आले होते त्यापेक्षा जास्त गोंधळलेले होते. मेकॅनिक मागून ओरडला, "मास्तर, रविवारी बघितल्यावर दचकायचं हं! पहिल्यांदाच बघताय असं!"

"दचकेन," मास्तर म्हणाले. त्यात त्यांना काहीच अवघड वाटलं नाही.

शनिवारी बायकोनं पुन्हा विचारलं. ती गुलाबाची वाळकी पानं काढत होती, त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "ठरलं का?"

"उद्या सांगतो."

"उद्या तर ते येणार."

"ते यायच्या आधी सांगतो ना!"

"अहो, मला तुमच्याकडून कवितेचा अर्थ नकोय. हो का नाही, एवढंच सांगायचंय."

"तेवढंच येत नाहीये गं," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. बायकोनं तेव्हा त्यांच्याकडं वळून बघितलं. हातातली पानं बराच वेळ हातातच राहिली.

रविवारी सकाळी हॉर्न वाजला तेव्हा मास्तरांनी काहीही सांगितलेलं नव्हतं.

फाटकाबाहेर ठोकळी उभी होती. बॉनेटवर लाल रिबीन, चाकामागं डॉक्टरीणबाई. तिच्या शेजारून बँकेतला जुना कॅशियर घडी उलगडावी तसा बाहेर पडत होता. तो एवढा उंच होता की शिकायला यायचा तेव्हा मान वाकडी करून बसायचा. मागच्या दोन गाड्यांतून आणखी माणसं उतरली आणि रस्ताभर टाळ्या वाजल्या. मास्तर दचकले. अगदी मनापासून दचकले.

"मास्तर, ही तुमची!" डॉक्टरीणबाई किल्ली त्यांच्या हातात ठेवत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला आठवतंय, चौकात तो सायकलवाला आडवा आला. मी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. आणि गाडी थांबली! आपोआप!"

"आपोआप," मास्तर म्हणाले.

"आताच्या गाड्यांत सतराशे बटणं असतात, पण ती माया नाही हो!"

मास्तरांची बायको चहाचा ट्रे घेऊन पायरीवर आली होती. ती म्हणाली, "माया? संध्याकाळी ती माया तेल लावून चोळायला मी होते."

सगळे हसले. डॉक्टरीणबाई लाजली. "काकू, डोक्याला कळतं हो. पेडलं होती, मास्तरांचा पाय होता, सगळं कळतं. पण आठवायला गेलं की गाडीच थांबलेली आठवते. काय करू?"

"माया कसली? डबडं होतं ते!" कॅशियर बिस्कीट चहात बुडवत म्हणाला. "मास्तर, राग मानू नका. पण माझ्या टाळूला तिच्या टपानं जे धपके दिलेत, त्यानंच माझे केस गेले. आणि तो क्लच! मी महिनाभर जिना आडवा उतरत होतो."

"तरी इथं आलातच ना?" डॉक्टरीणबाई म्हणाली.

"मी मास्तरांसाठी आलो. त्यांचा जीव आहे म्हणून. मला विचाराल तर तिला अंडी वाहायलाच ठेवायला हवी होती."

मग काय, बांध फुटला. मागून कोणी म्हणालं की तिच्या पेट्रोलच्या वासानं रोज मळमळायचं. कोणी म्हणालं, तिसरा गिअर म्हणजे दळणाची गिरणी. दुसऱ्या बाजूनं लोक चिडून म्हणाले की ठोकळीवर जो शिकला तो जगातली कुठलीही गाडी चालवेल, आणि आजकालची पोरं मऊ गाड्यांवर शिकून मऊच राहतात. शिव्या देणारे आणि ओवाळणारे, दोन्ही पक्ष ठोकळीच्या दोन बाजूंना उभे राहून चहा पीत भांडत होते.

मास्तर मध्ये उभे होते. स्तुती ऐकली की त्यांना वाटायचं, अरे, तो माझा पाय होता! आणि निंदा ऐकली की कानशिलं तापायची. कॅशियर पुन्हा "डबडं" म्हणाला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "टप खाली नव्हता, तुम्ही वर होतात!"

"आणि क्लच?"

"क्लच जड नव्हता. तुमचे पाय पोकळ होते."

"ऐका!" डॉक्टरीणबाई टाळी वाजवून म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

"थांबा," कॅशियर पुढं आला. "मास्तर, आता सगळे आहेत. खरं खरं सांगा. तुम्हाला तरी ही गाडी आवडायची का?"

मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं. बायको फाटकाच्या आत, गुलाबांच्या रांगेपाशी उभी होती. तिचा एक हात पहिल्या कुंडीच्या काठावर होता, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. हा प्रश्न कॅशियरनं विचारला असला तरी तो तिचा होता.

मास्तरांनी ठोकळीकडं बघितलं. धड निळी, ओळखू न येणारी, दोन पक्षांच्या मध्ये गप्प उभी.

"आत घ्या हिला," ते म्हणाले.

"म्हणजे आवडायची!" अर्धे ओरडले.

"तसं नाही म्हणत मी. पण आधी आत घ्या. तुम्ही एवढं बोलताय आणि ती बिचारी रस्त्यात उभी राहून सगळं ऐकतेय. बरं दिसत नाही ते."

कॅशियरला यावर हसावं की काय ते कळेना. बायकोनं मात्र मान हलवली, पदर खोचला आणि पहिली कुंडी उचलली. मास्तर धावले, डॉक्टरीणबाई धावली. बघता बघता गुलाबांची सगळी रांग पायरीवर जाऊन बसली. मग बायकोनं हात झटकले आणि वेताच्या खुर्चीत जाऊन बसली.

"अगं, अजून लिंबू आहे. कोरफड आहे. खुर्च्या आहेत," मास्तर म्हणाले.

"आहेत ना."

"मग गाडी कशी मावणार?"

"अहो, मी काय म्हटलं होतं? हवी म्हणालात तर सगळ्या हलवीन, नको म्हणालात तर एकही नाही. तुम्ही 'हवी' म्हणाला नाहीत. 'आत घ्या' म्हणालात. म्हणून अर्ध्या हलवल्या." तिनं पाय लांब केले. "बाकीचं कळवा, मग बघू."

डॉक्टरीणबाईनं ठोकळी जेवढी येईल तेवढी आत घेतली. बॉनेट लिंबाला टेकलं, मागची चाकं फाटकाबाहेर राहिली. फाटक लागणं शक्यच नव्हतं. चहा संपला, फोटो झाले, कॅशियरनं जाता जाता हळूच टपावर थोपटलं आणि कोणी बघितलं नाही ना ते बघितलं. मग सगळे गेले.

मास्तर किल्ली घेऊन चाकामागं बसले. दार आतून लावलं. क्लच दाबला, पाय भसकन खालीच गेला, इतका हलका. समोर काचेतून बायको दिसत होती. ती पुदिना खुडत होती आणि शेजारणीला काहीतरी सांगून हसत होती. मागं टाकावी का? मग कुठं न्यायची? पुढं घ्यावी, तर लिंबू. त्यांनी क्लच सोडला, पुन्हा दाबला. आपल्याला हे आवडतंय की नाही याचा ते नीट, लक्ष देऊन अंदाज घेत होते आणि अंदाज लागत नव्हता.

मागं एक स्कूटर येऊन थांबली. ठोकळीचा मागचा भाग रस्त्यात आला होता. स्कूटरवाल्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग खिडकीपाशी येऊन वाकून विचारलं, "काका, गाडी काढताय की लावताय?"

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं, मग समोर लिंबाकडं, मग आरशातून मागं मोकळ्या रस्त्याकडं.

"तुम्ही बाजूनं जा," ते म्हणाले. "मला वेळ लागेल."